बिनतारी सुरुंगस्फोटन

खडकात पाडलेल्या छिद्रांतील सुरुंग वातीची वा तारांची जोडणी न करता, केवळ सांकेतिक संदेशाने दुरून उडविण्याची पद्धती. १८३१ साली कॉर्नवॉल येथे विल्यम बिकफर्ड याने सुरक्षित वात सिद्ध केल्यापासून इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरपर्यंत पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि नुकत्याच हादरलेल्या खडकाचे सुटे चिरे डोक्यावर लोंबत असता, छिद्राच्या तोंडाशी ओणवे होऊन एकेक तार जोडण्याचे जोखमीचे काम सुरुंगवाल्यास चुकले नाही, आणि एखादी तार दगडाखाली तुटली, तर न उडालेला बार ढिगाऱ्यात जिवंत राहून उपसणाऱ्याच्या जिवावर बेतण्याचे भयही उरलेच.

नित्याच्या रेडिओलहरी खडकात फार खोल शिरत नाहीत; म्हणून ओरिका या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ‘वेबजेन’ पद्धतीत अतिशय कमी कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्राचा आश्रय केला असून, तारेच्या वेटोळ्यातून निघालेला संदेश खडक, पाणी व हवा यांतून छिद्रातील संदेशग्राहकापर्यंत पोचतो. भरणीपूर्वी प्रत्येक ग्राहकास गट व विलंबकाल नेमून दिलेला असतो. स्वतःच्या गटाचा संकेत पटल्याखेरीज तो डिटोनेटर उडवीत नाही.

या पद्धतीची खरी थोरवी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील मसलव्हाइट सुवर्णखाणीत प्रत्ययास आली. एरवी कायमचा सोडून द्यावा लागणारा धातुकाचा आधारस्तंभ तेथे आधीच भरून ठेवून, शेजारचा भाग उपसल्यावर, मनुष्याने पुन्हा तेथे पाऊल न टाकता उडविता आला. मात्र ग्राहकातील विद्युत्घटाचे आयुष्य मर्यादित असल्याने असा भरलेला सुरुंग मुदतीतच उडवावा लागतो.