शाळांतील ध्वजवंदन
पेण-रोह्याच्या शाळांत आज होणारे ध्वजवंदन सहजासहजी लाभलेले नाही. पारतंत्र्यात २४ मे रोजी, साम्राज्यदिनी, शाळांतून युनियन जॅकला मानवंदना दिली जाई. चरख्याचा तिरंगी झेंडा मिरविणे मात्र अपराध ठरे. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल पेण तालुक्यातील गागोद्याचे सुपुत्र विनोबा भावे यांस कारावास घडला. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने अशोकचक्रांकित तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. पुढे, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी परंतु ते न गाणारी केरळातील मुले शाळेतून काढली गेली, तेव्हा १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परत घेण्याचा आदेश दिला. आदर सक्तीने उपजत नाही. यास्तव ज्ञातिबांधवांनी मुलांस वंदन शिकविताना हा इतिहासही सांगावा, ही विनंती.