दिल्ली पाहतांना : चांदीच्या छताची गोष्ट

दिल्ली पाहून आलेल्या माणसास काय काय पाहिलें असें विचारलें, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें. कुतुबमिनार पाहिला, लाल किल्ला पाहिला, हुमायूनची कबर पाहिली, राजघाटावर फुलें वाहिलीं. मिनाराची उंची सुमारें २३८ फूट, हें वाटाड्यानें सांगितलेलें पाठ झालेलें असतें. शेजारच्या लोहस्तंभास इतक्या शतकांत गंज कां चढला नाहीं, हा प्रश्नही बरोबरच्या मुलांनीं विचारलेला असतो. एवढ्यानें दिल्ली पाहून होत नाहीं. महाराष्ट्रांतून गेलेल्या प्रवाशाची तर मुळींच होत नाहीं; कारण १७३७ पासून १८०३ पर्यंत या शहराच्या आणि पुण्याच्या दैवाच्या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

आरंभ मात्र फार जुन्यापासून करावा. फिरोजशहा कोटल्यांत एका उंच बांधकामाच्या माथ्यावर अशोकाचा दगडी स्तंभ उभा आहे. तो मूळचा तेथला नव्हे. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलखानें तो अंबाल्याकडील टोपरा गांवाहून आणविला. तो कसा आणला, याचें वर्णन शम्स-ई-सिराज अफीफ या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. स्तंभाच्या पायाशीं शेवरीच्या कापसाचे ढीग रचून त्यांवर तो अलगद निजविला, वेताच्या व कातड्याच्या वेष्टनांत गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविला आणि प्रत्येक चाकाच्या दोरास दोनशें माणसें लावून यमुनेपर्यंत ओढीत नेला. तेथून पुढें नावांवरून. इतका खटाटोप करून आणलेल्या या खांबावर काय लिहिलें आहे, हें वाचणारा मात्र सुलतानास एकही मिळाला नाहीं. तें काम जेम्स प्रिन्सेपनें १८३७ सालीं केलें. खांब ओढणाऱ्या हजारोंना त्यांतील अक्षर कळलें नव्हतें, पण त्याची कड त्यांनीं फुटूं दिली नाहीं.

तेथून राष्ट्रीय संग्रहालय. या संस्थेचा जन्म एका प्रदर्शनांतून झाला. लंडनला १९४७-४८ सालीं भारतीय कलेचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथून परत आलेल्या वस्तु देशभरांतील संग्रहालयांकडे पुन्हां पांगविण्याऐवजीं दिल्लींतच ठेवाव्या, असा विचार निघाला, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजीं राजभवनाच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रपतिभवनाच्या दालनांत संग्रहालय उघडलें. जनपथावरील इमारत १९६० ची. या संग्रहांतील मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी उंचीनें जेमतेम साडेदहा सेंटिमीटर आहे. पुष्कळांना ती चित्रांवरून पुरुषभर उंच वाटलेली असते, व प्रत्यक्ष पाहून त्यांचा विरस होतो. तो होऊं देऊं नये. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या मुलीची ऐट मापांत मावणारी नाहीं. देशाच्या फाळणीबरोबर या उत्खननांतील वस्तूंचीही वांटणी झाली. नर्तकी भारताच्या वांट्यास आली, दाढीवाला पुरोहित पाकिस्तानकडे गेला, आणि एका मेखलेचे तर मणी मोजून अर्धे-अर्धे करण्यांत आले. भाऊबंदकींत तांब्यापितळेचीं भांडीं वांटतात त्यांतलाच हा प्रकार!

आतां लाल किल्ला. शहाजहाननें १६३९ सालीं आरंभिलेलें हें काम १६४८ मध्यें पुरें झालें. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ च्या अखेरीस येथेंच खटला चालला, आणि त्या सेनेचें संग्रहालयही २०१९ पासून किल्ल्यांत आहे. तें अवश्य पाहावें. परंतु पाय अधिक वेळ थांबावे ते दिवाण-इ-खासमध्यें. संगमरवरी खांबांच्या या मोकळ्या दालनांत मयूरासन होतें, तें नादिरशहानें १७३९ सालीं नेलें. नादिरशहाचें नांव प्रत्येक वाटाड्या घेतो. मान वर करून छताकडे पाहावें असें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. आज तें लांकडी व रंगविलेलें आहे. पूर्वीं तें चांदीचें होतें.

त्या चांदीचें काय झालें, हें मराठी माणसानें स्वतःच सांगितलें पाहिजे. बाजीराव १७३७ च्या मार्चमध्यें दिल्लीच्या वेशीशीं येऊन गेले होते. मराठ्यांना चंबळेपार हांकून दिल्याची फुशारकी सादतखानानें बादशहाकडे मारली होती. ती खोटी पाडण्यापुरतें दर्शन देणें एवढाच त्यांचा हेतु होता. तालकटोऱ्यापाशीं चालून आलेली बादशाही फौज मार खाऊन परतली, आणि बाजीराव शहर न लुटतां माघारीं फिरले. तेवीस वर्षांनीं, १७६० च्या ऑगस्टमध्यें, सदाशिवराव भाऊंनीं किल्ला घेतला. तेव्हां खजिना रिकामा, यमुनेस पूर, अब्दाली पलीकडच्या तीरावर, आणि एवढ्या मोठ्या फौजेच्या पोटाची भ्रांत. भाऊंनीं दिवाण-इ-खासचें रुपेरी छत काढविलें आणि त्याचे रुपये पाडले. सुमारें नऊ लक्ष, असा आंकडा सांगितला जातो. सूरजमल जाट याच सुमारास भाऊंची साथ सोडून गेला. पुढचें पानिपत, १४ जानेवारी १७६१, सर्वांस ठाऊक आहे.

कांहीं मंडळी हा प्रसंग लपवितात, कांहीं तो अभिमानानें सांगतात. दोन्ही रीति बऱ्या नव्हेत. भाऊंची निकड खरी होती आणि लुटीचा पैसा त्यांनीं चैनींत उडविला नाहीं; परंतु ज्या तक्ताचें रक्षण करावयास आपण आलों असें मराठे सांगत होते, त्याच तक्तावरचें छप्पर त्यांच्या हातून निघालें, हेंही तितकेंच खरें आहे.

या गोष्टीचा दुसरा भाग त्याच राजवाड्यांत घडला. नजीबखान रोहिल्याचा नातू गुलाम कादर १७८८ सालीं किल्ल्यांत शिरला. गुप्त धनाच्या आशेनें त्यानें महालांच्या जमिनी खणल्या, बादशाही कुटुंबाचा छळ मांडला आणि १० ऑगस्ट रोजीं वृद्ध शहाआलमचे डोळे काढविले. लालसोटच्या मोहिमेपासून महादजी शिंद्यांचें बळ खचलें होतें. मदत वेळेवर पोहोंचली नाहीं, हा दोष इतिहास त्यांना देतोच. अखेर ऑक्टोबरांत शिंद्यांची फौज किल्ल्यांत आली. तिचा सरदार राणेखान. पानिपतावर जखमी महादजींना ज्यानें वांचविलें तो भिस्ती हाच, अशी आख्यायिका आहे. आंधळ्या बादशहास पुन्हां तक्तावर बसविण्यांत आलें, पळून गेलेला गुलाम कादर पकडला जाऊन १७८९ सालीं ठार झाला, आणि पुढें १८०३ पर्यंत दिल्ली शिंद्यांच्या संरक्षणाखालीं राहिली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं छत उतरविलें, त्यांच्याच भरंवशावर त्या छताखालचा राजा उरलें आयुष्य काढीत होता.

त्या संरक्षणाचा शेवट यमुनेच्या पूर्वतीरावर झाला. जनरल लेकनें ११ सप्टेंबर १८०३ रोजीं पटपडगंजच्या लढाईंत शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मोड केला. त्यांचा सेनापति बुर्कें हा फ्रेंच होता. तोफांपाशीं उभे राहून मेले ते मात्र याच देशांतले शिपाई. पांच दिवसांनीं लेक शहाआलमच्या भेटीस गेला, आणि बादशहा शिंद्यांचा होता तो इंग्रजांचा झाला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानांत उभा आहे. प्रवाशांच्या याद्यांत त्याचें नांव सहसा नसतें. आग्ऱ्यास जाण्याआधीं अर्धा दिवस हातीं असल्यास अगोदर चौकशी करून तेथवर जाऊन यावें.