बग नंबर ३२३

जीसीसी या कंपायलरच्या सार्वजनिक बग-यादीत ३२३ नंबरची एक तक्रार आहे. जून २००० मध्ये नोंदवलेली. तक्रार अशी की ऑप्टिमायझेशन चालू केलं की अपूर्णांकांची उत्तरं विचित्र येतात. सोबतचा नमुना प्रोग्रॅम इवलासा. तेच दोन आकडे दोन ठिकाणी मिळवायचे आणि दोन्ही बेरजा सारख्या आल्या का ते तपासायचं. प्रोग्रॅम म्हणायचा, नाही आल्या.

पुढची कित्येक वर्षं हीच तक्रार जगभरातून नव्याने येत राहिली. कुणी सिम्युलेशन लिहिणारा, कुणी नकाशे काढणारा, कुणी विद्यार्थी. प्रत्येकाला वाटायचं की आपण कंपायलरमधला भलामोठा बग पकडलाय, आणि प्रत्येकाच्या तक्रारीवर '३२३ चीच नक्कल' असा शिक्का बसायचा. जीसीसीच्या माहितीपानांवर 'जे बग नाहीत ते' अशी एक यादी आहे. तिथे फ्लोटिंग पॉइंटच्या तक्रारींना सर्वात जास्त वेळा नोंदवलेला 'न-बग' असा किताब दिलेला आहे. :)

आता मंडळी, एवढे सगळे लोक एकाच जागी ठेचकाळत असतील तर दोष दगडाचा की चालणाऱ्यांचा? या प्रश्नाचं उत्तर मिळायला सी भाषेत दहा वर्षं लागली आणि सी प्लस प्लसमध्ये जवळजवळ तेवीस.

गोष्ट सुरू होते १९८० मध्ये. इंटेलने ८०८७ नावाची चिप काढली. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी बसून फक्त अपूर्णांकांची आकडेमोड करणारी. तिच्या मागचं डोकं होतं विल्यम कहान या गणितज्ञाचं. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या मशीनचं अपूर्णांकांचं गणित वेगळं असायचं. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर नेला की उत्तर बदलायचं. हा गोंधळ मिटवायला आयईईई ७५४ हे मानक आलं, १९८५ साली. त्यातही कहान यांचा वाटा सिंहाचा. १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं ते याच कामासाठी.

८०८७ मध्ये एक खास सोय होती. प्रोग्रॅममध्ये आपण जो 'डबल' वापरतो तो ६४ बिटांचा. पण चिपच्या पोटातली रजिस्टरं ८० बिटांची. मेमरीतून ६४ बिटांचा आकडा उचलायचा, आत ८० बिटांत गणित करायचं आणि शेवटी उत्तर पुन्हा ६४ बिटांत बसवून बाहेर ठेवायचं. कल्पना उदात्त होती. गणितज्ञ नसलेला साधा प्रोग्रॅमर सूत्रं कशीही लिहिणार. मधल्या पायऱ्यांमध्ये जादा अंक हाताशी असले तर त्याचं उत्तर कमी बिघडेल. डबलमध्ये साधारण १५-१६ अंक टिकतात, ८० बिटांत साधारण १९.

हे कळायला किराणा दुकानदार बरा. तो तोंडी हिशोब पैशापर्यंत करतो, पण वहीत लिहिताना रुपयापर्यंत. यात गैर काही नाही. पंचाईत कधी होते? तोच हिशोब त्याने दोनदा केला, एक वहीत लिहिला, दुसरा डोक्यातच ठेवला आणि मग दोन्ही ताडून पाहिले तर. वहीत ३४३ रुपये, डोक्यात ३४२ रुपये ६० पैसे. दोन्ही बरोबर, पण सारखे नाहीत.

बग ३२३ म्हणजे नेमकं हेच. ८०८७ ची रजिस्टरं फक्त आठ. ती भरली की कंपायलर काही आकडे तात्पुरते मेमरीत हलवतो, आणि हलवताना त्यांचे जादा बिट गळतात. कुठला आकडा रजिस्टरात राहील आणि कुठला मेमरीत जाईल, हे प्रोग्रॅमरच्या हातात नाही. ते ठरतं कंपायलरच्या आवृत्तीवर, ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर आणि आजूबाजूच्या कोडवर. म्हणजे तुम्ही दहा ओळी खाली काहीतरी बदललं तरी वरचं उत्तर बदलू शकतं.

आणि मग येतो डीबगर. इथे खरी गंमत आहे (ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला ती तशी वाटत नाही). बग शोधायला आपण काय करतो? ऑप्टिमायझेशन बंद करून कोड पुन्हा कंपाइल करतो आणि जीडीबीत एकेक ओळ चालवतो. पण ऑप्टिमायझेशन बंद असलं की कंपायलर प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबल मेमरीत लिहून ठेवतो. जादा बिट गळतात आणि बग गायब! बरं, ऑप्टिमायझेशन तसंच ठेवून मध्ये एक प्रिंट टाकावी, तर फंक्शन कॉलच्या आधी ही सगळी रजिस्टरं रिकामी करावी लागतात. पुन्हा सगळं मेमरीत, पुन्हा बग गायब. बघायला गेलं की पळणाऱ्या अशा बगांना 'हायझेनबग' म्हणतात. जिम ग्रे यांनी १९८५ च्या एका निबंधात हा शब्द वापरला, तेव्हापासून तो रुळला.

हे भूत मी एकदा जवळून पाहिलंय. एका कंपनीत ३२-बिटी लिनक्स सर्व्हरवर रात्रीचा एक जॉब चालायचा. बिंदूंची यादी अंतराप्रमाणे सॉर्ट करायची, एवढंच काम. आठवड्यातून एखाद्या रात्री तो सॉर्टिंगच्या मध्येच कोसळायचा. प्रिंट टाकली की महिनाभर सुरळीत. टीममध्ये मेमरी खराब असल्याची चर्चा झाली, रॅम बदलून झाली. शेवटी एका सीनियर बाईंनी असेंब्ली काढून दाखवली: तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये एक अंतर ८० बिटांत होतं, दुसरं ६४ बिटांत. त्यामुळे कधी कधी 'अ' हा 'ब' पेक्षा लहान आणि 'ब' हा 'अ' पेक्षा लहान, दोन्ही एकाच वेळी खरं ठरायचं. अशा तुलनेवर सॉर्ट करायला सांगितलं तर बिचारं सॉर्ट यादीच्या बाहेर धावत सुटणार, दुसरं काय करणार?

असो. आपण भांडणाकडे वळू.

कंपायलरवाल्यांचं म्हणणं: चिपच तशी आहे. फ्लोटिंग पॉइंटची बरोबर-का-बरोबर अशी तुलना करूच नये, हे पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. फारच अडत असेल तर 'फ्लोट-स्टोअर' नावाचा फ्लॅग आहे, तो व्हेरिएबलं सक्तीने मेमरीत ठेवतो. त्याने कोड मंद होतो आणि मधल्या पायऱ्यांचे जादा बिट तरीही राहतात, पण दुखणं कमी होतं.

तक्रारदारांचं म्हणणं: आम्ही दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेली उत्तरं ताडत नाही आहोत. तेच गणित, तेच आकडे, दोन्ही डबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेले. तरीही वेगळे?

गंमत म्हणजे पंचाचा निकाल आधीच लागलेला होता. १९९९ च्या सी मानकात, म्हणजे सी९९ मध्ये, याबद्दल स्पष्ट नियम आहे. मधल्या गणितात जादा अचूकता ठेवायला परवानगी आहे. पण आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवला किंवा त्याचा प्रकार मुद्दाम बदलला की जादा बिट गळलेच पाहिजेत. म्हणजे दुकानदाराने डोक्यात पैसे मोजावेत, पण 'लिहिलं' असं म्हटलं की ते खरोखर वहीत गेलं पाहिजे. जीसीसी 'लिहिलं' म्हणायचा आणि आकडा डोक्यातच ठेवायचा. या मुद्द्यावर तक्रारदार बरोबर होते. मात्र व्हेरिएबलमध्ये न ठेवता थेट सूत्राशी तुलना केली आणि ती फसली, तर ते मानकाला धरूनच आहे. तिथे कंपायलरवाले बरोबर.

मग दुरुस्ती का होईना? आळस हे कारण नव्हतं. जीसीसीच्या आत असं गृहीत धरलेलं होतं की या चिपला ६४ बिटांची बेरीज-वजाबाकी येते. खरं तर चिप सगळं ८० बिटांतच करायची. हे सोयीचं असत्य कंपायलरच्या पायात होतं, आणि रजिस्टरातून मेमरीत हलवण्याचे निर्णय फार उशिरा, अगदी शेवटच्या टप्प्यात व्हायचे. तिथे 'हा आकडा प्रोग्रॅमरने लिहायला सांगितला' आणि 'हा जागा नाही म्हणून हलवला' हा फरकच उरलेला नसायचा.

शेवटी जोसेफ मायर्स यांनी उपाय काढला तो दुसऱ्या टोकाला. कंपायलरच्या पुढच्या भागातच, जिथे सी कोड वाचला जातो, तिथे मधलं प्रत्येक गणित ८० बिटांचं आहे असं उघड मान्य करायचं आणि व्हेरिएबलमध्ये ठेवताना ते ६४ बिटांत बसवण्याची पायरी स्पष्ट लिहायची. असत्य काढून टाकलं, की शेवटच्या टप्प्याला अंदाज करावा लागत नाही. एप्रिल २०१० मध्ये जीसीसी ४.५ बरोबर हे आलं, 'एक्सेस-प्रिसिजन' या फ्लॅगच्या रूपात. पण फक्त सी साठी. सी प्लस प्लसला तीच सोय मिळाली जीसीसी १३ मध्ये, २०२३ साली.

या मधल्या काळात किंमत कुणी मोजली? एक उदाहरण जगजाहीर आहे. जानेवारी २०११ मध्ये उघड झालं की पीएचपीला २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात हा आकडा वाचायला दिला की ते अनंत लूपमध्ये अडकतं. ३२-बिटी बिल्डमध्ये, जुन्या रजिस्टरांमुळे. अक्षरांवरून आकडा बनवणारा कोड उत्तराच्या जवळ सरकत जायचा, पण ८० आणि ६४ बिटांच्या फरकामुळे 'पोचलो' असं त्याला कधी वाटायचंच नाही. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कुणीही हा आकडा टाकून सर्व्हरचा प्रोसेसर जाम करू शकत होता. दुरुस्ती? व्हेरिएबलच्या आधी 'व्होलटाइल' हा एक शब्द, म्हणजे 'हे मेमरीतच ठेव' अशी तंबी. दुरुस्त आवृत्त्या काही दिवसांत निघाल्या.

बहुसंख्य लोकांचा बग मात्र कंपायलरने घालवलाच नाही. तो चिपने घालवला. २००० च्या शेवटी पेंटियम ४ बरोबर एसएसई२ आलं. यात ६४ बिटांचं गणित ६४ बिटांतच होतं. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला, आणि ६४-बिटी दुनियेत एसएसई२ हीच नेहमीची वाट ठरली. सर्व्हर आणि लॅपटॉप ६४-बिटी होत गेले, तशी ३२३ ची हाकाटी आपोआप विरली. भांडण करणारे दमले नाहीत, भांडणाची जमीनच निघून गेली.

जावावाल्यांनी हाच रस्ता दुसऱ्या बाजूने चालून पाहिला. सुरुवातीचं वचन होतं की कुठल्याही मशीनवर उत्तर तेच. ८०८७ च्या वंशावर ते महाग पडायला लागलं, म्हणून १९९८ च्या जावा १.२ मध्ये नियम सैल केला आणि ज्यांना कडक हिशोब हवा त्यांच्यासाठी 'स्ट्रिक्टएफपी' हा शब्द दिला. २०२१ च्या जावा १७ मध्ये पुन्हा सगळं कडक. जावाच्या फ्लोटिंग पॉइंटवर १९९८ मध्ये सडकून टीका करणाऱ्या निबंधाचे लेखक होते कहान आणि जो डार्सी. आणि जावा १७ मधला तो बदल मार्गी लावणारे? तेच जो डार्सी.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की मग सगळं. नाही ना! खर्च वाचवायला सर्व्हर एआरएमवर नेणं सध्या जोरात आहे. ६४-बिटी एआरएममध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच झटक्यात, मध्ये अंक न कापता करणारी सूचना जन्मजात आहे, आणि जीसीसी ऑप्टिमाइझ करताना ती न विचारता वापरतो. साध्या ६४-बिटी इंटेल बिल्डमध्ये ती वापरली जात नाही. त्यामुळे दोन समान आकड्यांच्या वर्गांची वजाबाकी एका मशीनवर शून्य आणि दुसऱ्यावर शून्याच्या किंचित खाली येऊ शकते. त्याचं वर्गमूळ काढायला गेलात तर उत्तराच्या जागी 'नॅन', म्हणजे संख्याच नाही. यावेळीही कोणी खोटं बोलत नाही. उलट जादा अचूकतेचाच हा प्रताप.

तेव्हा मायग्रेशननंतर एखादी टेस्ट सोळाव्या अंकावर फेल झाली, तर ती 'फ्लोटिंग पॉइंट आहे, चालायचंच' म्हणून गप्प करू नका. मधलं गणित किती अंकांत झालं आणि लिहिताना किती अंक कापले गेले, हे दोन प्रश्न आधी विचारा. डीबगरला विचारू नका, तो समोर असला की सगळेच सभ्य वागतात. असेंब्ली काढा आणि वाचा.