उतारवयांतील भाषाभ्यास

लहान मुलानें व तरुण विद्यार्थ्यानें नवी भाषा शिकावी, याविषयीं कोणाचें दुमत नसतें. परंतु साठी उलटलेल्या गृहस्थानें अगर गृहिणीनें रोज अर्धा तास फ्रेंच किंवा जपानी भाषेचें पुस्तक उघडलें, कीं घरांतील मंडळींस हंसूं येतें. "आतां या वयांत कशाला?" असा प्रश्न येतो. या प्रश्नाचें उत्तर आपल्याच इतिहासांत सांपडतें.

कल्याणहून पुण्याच्या वाटेनें निघालें, कीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें ओळीनें लागतात. या चारपांच कोसांच्या पट्ट्यांत भाषांचा केवढा संगम झाला आहे पहा. अंबरनाथच्या शिवमंदिरांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारकालीन लेख आहे, तो संस्कृतांत. त्याच गांवीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आगकाड्यांचा मोठा कारखाना उभा राहिला, तो स्वीडिश भांडवलावर. आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक निर्वासितांस शेजारच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला. त्या वसाहतीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव प्राप्त झालें.

त्या निर्वासितांत पन्नाशी-साठी गांठलेलीं माणसेंही होतीं. त्यांची सिंधी भाषा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या, बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपींत लिहिली जात होती. नव्या मुलुखांत पाट्या देवनागरी, बाजार मराठी-हिंदी. दुकान चालवावयाचें, गिऱ्हाइकाशीं बोलावयाचें, तर परकी भाषा शिकल्यावांचून गत्यंतर नव्हतें. आणि ते शिकले. हा छंद नव्हे, ही गरज होती. तथापि गरज पडली असतां पिकल्या वयांतही जीभ वळते, एवढें त्यांवरून निःसंशय सिद्ध होतें. मग छंद म्हणून शिकणारास अडचण वयाची नसून गरजेच्या अभावाची आहे. गरजेची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढली पाहिजे. ती कशानें भरते, हें तीनचार थोर व्यक्तींच्या चरित्रांवरून पाहूं.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची १८८६ सालीं सरकारच्या अर्थविषयक समितीवर नेमणूक झाली व त्यांस कलकत्त्यास राहावें लागलें. वय पंचेचाळिशीच्या घरांत, कामाचा डोंगर पाठीवर. तरीही त्यांनीं बंगाली पुस्तकें आणविलीं आणि हजामत करावयास येणाऱ्या न्हाव्यास शब्दांचे अर्थ विचारीत ती भाषा हस्तगत केली. हा प्रसंग रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत नमूद केला आहे. हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत पुढें पोंचलेल्या या पुरुषास न्हाव्यापाशीं शिकण्यांत कमीपणा वाटला नाहीं. प्रौढ मनुष्याच्या मार्गांतील पहिली धोंड स्मरणशक्तीची नव्हे, मानाची असते. चूक होईल, धाकटीं माणसें हंसतील, या भयानेंच पुष्कळांचीं पुस्तकें मिटलेलीं राहतात.

लोकमान्य टिळकांस २२ जुलै १९०८ रोजीं सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां ते बावन्न वर्षांचे होत होते. मधुमेह जडलेला, मंडालेची हवा प्रतिकूल, बोलावयास समवयस्क विद्वान् नाहीं. त्या कोठडींत त्यांनीं स्वयंशिक्षणाच्या पुस्तकांवरून जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला. हेतु स्पष्ट होता. प्राच्यविद्येवर युरोपांतील पंडितांनीं लिहिलेले ग्रंथ त्यांस भाषांतरांतून नव्हे, मुळांतून वाचावयाचे होते. म्हणून संभाषणाची उठाठेव त्यांस करावी लागली नाहीं. वाचतां आलें म्हणजे झालें. भाषा शिकणें म्हणजे ती लिहितां, वाचतां, बोलतां सर्व कांहीं येणें, ही समजूत अनेकांस प्रारंभींच नाउमेद करते. आपणांस तीपैकीं नेमकें काय हवें, हें ठरविलें कीं निम्मा भार हलका होतो.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहूनही मोठें आहे. १८५८ मध्यें जन्मलेल्या या विदुषीस संस्कृत तर बाळपणींच अवगत होतें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों निराधार स्त्रियांचा संसार सांभाळीत असतां, बायबल सामान्य स्त्रियांस कळेल अशा मराठींत उतरविण्याचें कार्य त्यांनीं हातीं घेतलें, आणि त्याकरितां हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. त्यांस ऐकूं कमी येत असे. याच व्यंगापायीं तरुणपणीं इंग्लंडांत वैद्यकाचें शिक्षण घेण्याचा त्यांचा मनोदय सिद्धीस गेला नव्हता. कान साथ देईनात, तेव्हां त्यांनीं डोळ्यांकडून काम घेतलें. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी लेखणी खालीं ठेवली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा देहान्त झाला, त्यापूर्वीं भाषांतराचें काम पुरें झालें होतें. सबंध ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला.

आचार्य विनोबा भावे यांनीं १९४२ नंतरच्या कारावासांत, वेल्लोरच्या तुरुंगांत, तमिळ, तेलुगू, कानडी व मलयाळम् या चारही भाषांचा अभ्यास एकदम आरंभिला. तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळिशीच्या पुढें होतें. चार भाषा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे एकीचा शब्द दुसरीच्या आधारें ध्यानांत राहतो, हा त्यांतील लाभ. प्रौढ विद्यार्थ्याचें बळ येथेंच आहे. बालक ऐकून उचलतें. प्रौढ तुलना करून धरतो. प्राचीन रोममधील केटो यानेंही म्हातारपणीं ग्रीक भाषेचा अभ्यास केला, असें रोमन लेखकांनीं लिहून ठेवलें आहे.

या सर्वांत समान असें काय दिसतें? निश्चित हेतु, मान बाजूस ठेवण्याची तयारी, आणि नेम. एका दिवसांत चार तास व मग आठवडाभर विश्रांति, यापेक्षां रोजचा अर्धा तास अधिक फळतो. कारण विसरावयाच्या आधींच पुनरावृत्ति घडते. बदलापुराहून मुंबईस जाणाऱ्या आगगाडींत आयुष्याचीं तीस वर्षें काढलेल्या सेवानिवृत्तास नियमितपणाचे धडे निराळे देण्याचें कारण नाहीं. तोच नेम आतां पुस्तकास लावावयाचा.

कोणती भाषा घ्यावी, असें कोणी विचारील. नातवंडें जर्मनींत असतील तर जर्मन घ्यावी. वाङ्मयाची गोडी असेल तर फ्रेंच घ्यावी. परंतु माझी एक नम्र सूचना आहे. सिंध प्रांत आज परदेशांत आहे. त्या प्रांताची भाषा मात्र उल्हासनगरांत, आपल्या शेजारीं, नांदत आहे. १९६७ सालीं तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें. तथापि जुन्या लिपींतील मजकूर सहज वाचणारे तेथील घरांतून वृद्धच अधिक आढळतात, आणि नातवंडांस आजोबांचीं पत्रें वाचतां येत नाहींत अशीं घरें थोडीं नाहींत. एखाद्या मराठी गृहस्थानें अशा वृद्धापाशीं बसून रोज चार अक्षरें गिरविलीं, तर शिकणाराचा काळ सुखांत जाईल, शिकविणारास आपली विद्या कोणास तरी हवी आहे याचें समाधान लाभेल, आणि बावन्न अक्षरांची एक लिपि आणखी एका घरांत जिवंत राहील. या आदानप्रदानाचा आरंभ आजच करण्यास वयाची हरकत कोणासही नाहीं.