आजीच्या मिरच्या

चैत्राचं ऊन कडकलं की कळमेश्वरच्या आमच्या अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरून आजी ताकातल्या मिरच्या वाळत घालायची. मिरचीला उभी चीर, आत मीठ नि धन्याची भरड. रात्री ताकात, दिवसा उन्हात. आबाजींना जवारीच्या भाकरीसोबत तळलेली मिरची रोज लागे.

आबाजी पोटातल्या गाठीनं गेले. १९६८ साली की आदल्या वर्षी, मला नीट आठवत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही १९६८ मध्ये कर्करोगानं गेले, आणि आजी दोन्ही दुःखं एकाच दिवाळीच्या तोंडावरची म्हणून सांगे. पुढं तिनं मिरच्या कधी घातल्या नाहीत. "माह्याच हातच्या मिरच्यायनं खाल्लं बाप्पा त्याईले," म्हणायची, नि धापेवाड्याच्या विठोबाला जाताना वाटभर गप्प राही.

पण आबाजींचा धाकटा भाऊ तिखटाला शिवतही नसे. मोठे बाबा सांगत, तोही त्याच दुखण्यानं गेला. आणि आजी? तोच हंडा, त्याच मिरच्या, नव्वदीपर्यंत ठणठणीत! भावकीत म्हणत, घराण्याला शाप आहे.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबातही जठराच्या कर्करोगाला शापच समजत. त्यांनी आपली वंशावळ शास्त्रज्ञांपुढं ठेवली आणि १९९८ मध्ये सीडीएच-१ या जनुकातला बिघाड हाती लागला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन या जनुकावरून घडतं. अशी घराणी मात्र थोडी. बहुतेक ठिकाणी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू लहानपणीच पोटात शिरतो नि वर्षानुवर्षं जठराचं अस्तर सुजवत ठेवतो. ती सूज किती भडकेल, हे सुजेचे निरोप वाहणाऱ्या इंटरल्युकिन या प्रथिनांच्या जनुकांतल्या बारीक फरकांवरही ठरतं. म्हणून एका ताटात जेवलेल्यांतला एक जातो, एक राहतो.

खारवलेलं फार खाणं जठराला वाईटच, एवढं आजीचं खरं होतं. पण सगळा भार तिनं एकटीनं वाहिला, ते मला अजून सलतं.

परवा डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं? आत्याजवळ बसून वहीत नावं मांडली: कोण, कितव्या वर्षी, कशानं. आबाजींच्या नावापुढं आत्या 'मिरच्या' लिहायला निघाली. मी तिचा हात धरला.