प्रवचन देणाऱ्याला ऐकायला कुणी शिकवलं?

आजचा भाग नवरा-बायकोच्या भांडणात मध्ये बसणाऱ्या माणसाबद्दल आहे. आपल्याकडे असं काही झालं की मोठे काका नाहीतर मामा पुढे होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत बरीच जोडपी चर्चच्या पाद्र्याकडे जायची. आता पाद्र्याचं शिक्षण म्हणजे मुख्यतः बायबल आणि प्रवचन. समोरचा माणूस रडायला लागला तर गप्प कसं बसायचं, हे त्याला कोण शिकवणार?

उत्तराची सुरुवात एका मनोरुग्णालयात होते. अँटन बॉइसन हे पाद्री १९२० मध्ये स्वतःच मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांचे धर्मगुरू झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात कामाला लावलं. ग्रंथ वाचता तशी माणसंही वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे रसेल डिक्स या चॅप्लेननी एक साधी पद्धत रुळवली. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं आणि तो कागद शिक्षकांसमोर ठेवायचा. समजा त्यात लिहिलंय, ‘काळजी करू नका, देव बघतोय.’ हे वाक्य त्या माणसाला धीर द्यायला होतं, की तुलाच त्याचं दुःख ऐकवेना म्हणून? मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात कडक परीक्षा हा कागदच आहे.

लग्नाचं काय? १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाने विवाह समुपदेशकांना परवाना लागू केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. १९६५ मध्ये त्याच राज्यात, पॅसाडिनाच्या फुलर सेमिनरीने मानसशास्त्राचं वेगळं स्कूल उघडलं. पुढे तिथे विवाह आणि कुटुंब थेरपीही शिकवू लागले. धर्मशास्त्र आणि थेरपी एकाच छताखाली आली खरी, पण परवाना देणार सरकार. आज कॅलिफोर्नियात त्यासाठी ३,००० तास देखरेखीखाली काम करावं लागतं. शिक्षण सेमिनरीत झालं म्हणून त्यात सूट नाही.

एवढे तास कशाला? एक उदाहरण घ्या. एक बाई सांगते, ‘नवरा मारतो, पण लग्न मोडणं मला पाप वाटतं.’ समोरच्या थेरपिस्टचीही श्रद्धा तीच. त्याने ‘क्षमा कर’ म्हटलं, तर बाईचा जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी ती आज रात्री घरी सुरक्षित आहे का, हे विचारायचं. मग तिची श्रद्धा तिच्याच शब्दांत ऐकायची. निर्णय तिचा. स्वतःची श्रद्धा मनात असताना जीभ आवरायची, याला सराव लागतो.

तुम्हालाही कुणी मध्यस्थ केलं, तर सल्ला द्यायच्या आधी समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. भेटूया पुढच्या भागात!