वेब सर्व्हरच्या मंदगतीचे निदान

सुरळीत चालणाऱ्या वेब सर्व्हरचा प्रतिसाद अनपेक्षितपणे उशिरा मिळू लागल्यास त्या विलंबाचे स्थान व कारण शोधण्याच्या प्रक्रियेला वेब सर्व्हरच्या मंदगतीचे निदान म्हणतात. सर्व्हर बंद पडणे आणि सर्व्हर मंदावणे या दोन भिन्न अवस्था आहेत. बंद पडलेला सर्व्हर बहुधा त्रुटीचा संदेश मागे ठेवतो. मंदावलेला सर्व्हर मात्र सर्व कामे करीतच असतो, फक्त ती उशिरा करतो. म्हणून त्याचे निदान अधिक किचकट असते.

मंद सर्व्हरवर कामाचा भार फार असणार, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक प्रसंगी असा सर्व्हर काम करीत नसून वाट पाहत असतो. ही वाट डेटाबेसच्या उत्तराची, डिस्कवरील वाचनाची, दुसऱ्या प्रक्रियेने धरून ठेवलेल्या कुलुपाची किंवा दूरच्या एखाद्या सेवेची असू शकते. त्यामुळे विनंती नेमकी कोठे थांबली आहे, हा निदानातील पहिला प्रश्न ठरतो.

रांगेचे गणित

अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती विनंत्या अडकलेल्या असतील, हे विनंत्या येण्याचा दर आणि प्रत्येक विनंतीला लागणारा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतके असते. अचानक येणारी मंदगती समजून घेण्यास हा साधा नियम फार उपयोगी पडतो.

अपाची सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत एकाच वेळी हाताळता येणाऱ्या विनंत्यांची मूळ मर्यादा २५६ असते. सेकंदाला ५० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असतील, तर एका वेळी सरासरी १० प्रक्रिया गुंतलेल्या राहतात. डेटाबेसमधील एखाद्या अडचणीमुळे हा वेळ ५ सेकंदांवर गेला, तर वाचकसंख्या एकानेही न वाढता २५० प्रक्रिया गुंततात. ६ सेकंदांना हा आकडा ३०० होतो, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते आणि नव्या विनंत्या दाराबाहेर खोळंबतात. यानंतर डेटाबेसशी काहीही संबंध नसलेली साधी चित्रेही उशिरा मिळू लागतात, आणि पाहणाऱ्याला दोष सर्वत्र पसरल्याचे भासते.

मंदगती एकाएकी आल्यासारखी का वाटते, याचेही उत्तर रांगेच्या गणितात मिळते. एकाच खिडकीच्या साध्या रांगेच्या प्रतिमानानुसार खिडकी ५० टक्के वेळ व्यग्र असेल, तर विनंतीला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांची वाढ आधीच्या चाळीस टक्क्यांपेक्षा अधिक जाणवते.

पहिली पाहणी

मंदगती लक्षात येताच सर्व्हर पुन्हा सुरू करण्याकडे कल असतो. त्याने कधीकधी तात्पुरता आराम मिळतोही. परंतु त्या क्षणी कोणती प्रक्रिया कशासाठी थांबली होती हा पुरावा नष्ट होतो आणि तोच प्रसंग काही तासांनी पुन्हा उभा राहतो. शिवाय पुन्हा सुरू झालेल्या सर्व्हरची कॅश रिकामी असल्याने सुरुवातीची काही मिनिटे तो पूर्वीपेक्षाही मंद असू शकतो. म्हणून सेवा पूर्ण ठप्प नसेल, तर आधी चालू स्थितीची नोंद घेणे श्रेयस्कर समजले जाते.

विलंब सर्व पानांना आहे की काहींनाच, सर्व वापरकर्त्यांना आहे की एखाद्यालाच, तो केव्हा सुरू झाला आणि त्यापूर्वी काय बदलले, एवढ्या माहितीवरून शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते. साधी स्थिर फाइल झटकन मिळत असेल आणि आज्ञावलीने तयार होणारे पानच रेंगाळत असेल, तर जाळ्याकडे पाहण्याची फारशी गरज उरत नाही. याउलट एकाच वापरकर्त्याची तक्रार असेल, तर त्याच्या सत्राकडे पाहावे लागते. पीएचपी भाषेत सत्राची माहिती मूळ व्यवस्थेनुसार फाइलमध्ये ठेवली जाते व ती फाइल वापरात असेपर्यंत कुलूपबंद राहते. त्यामुळे त्याच वापरकर्त्याची एक लांबलेली विनंती त्याच्याच इतर विनंत्यांना अडवून धरते.

कर्ल हे साधन एका विनंतीचा वेळ टप्प्याटप्प्याने दाखवते: नावावरून पत्ता मिळेपर्यंतचा, जोडणी होईपर्यंतचा आणि उत्तराचा पहिला बाइट येईपर्यंतचा. सर्व्हरच्या नोंदींतही वेळ टिपता येतो. अपाचीमध्ये विनंतीस लागलेला काळ मायक्रोसेकंदांत नोंदवण्याची सोय आहे. एन्जिनएक्समध्ये एकूण वेळ आणि मागील आज्ञावलीने घेतलेला वेळ असे दोन आकडे शेजारी-शेजारी नोंदवता येतात. हे दोन्ही जवळपास सारखे असतील तर दोष मागे आहे. पहिला मोठा व दुसरा लहान असेल तर अडथळा बहुधा ग्राहकाच्या बाजूच्या जाळ्यात असतो. या सोयी मूळ मांडणीत चालू नसतात, आणि संकट आल्यावर त्या चालू केल्यास तुलनेसाठी चांगल्या दिवसांचे आकडे हाती नसतात.

नोंदी वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. अपाची विनंतीची नोंद ती पूर्ण झाल्यावर करतो. सर्वाधिक अडकलेल्या विनंत्या म्हणूनच नोंदवहीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सर्व्हरचे स्थितिदर्शक पान पाहावे लागते. त्या पानावर कोणती प्रक्रिया विनंती वाचत आहे, कोणती उत्तर देत आहे आणि कोणती जोडणी धरून नुसती बसली आहे, हे अक्षरखुणांनी कळते.

प्रोसेसर आणि डिस्क

लिनक्सवर बहुतेक जण प्रथम भार-सरासरी पाहतात. हा आकडा फसवा ठरू शकतो, कारण लिनक्समध्ये त्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांसोबत डिस्कसारख्या साधनाच्या, मध्येच न थांबवता येणाऱ्या प्रतीक्षेत असलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. चार गाभ्यांच्या यंत्रावर भार-सरासरी २० आहे आणि प्रोसेसर मात्र रिकामा आहे, असे चित्र त्यामुळे शक्य होते. अशा वेळी प्रोसेसरची क्षमता वाढवून काहीच साधत नाही. अडचण डिस्कमध्ये किंवा जाळ्यावरून जोडलेल्या साठ्यात असते. टॉप, व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट या साधनांतून हा भेद कळतो.

भाड्याच्या आभासी यंत्रांवर आणखी दोन शक्यता असतात. यजमान यंत्राने प्रोसेसरचा वेळ दुसऱ्या भाडेकरूला दिला, तर तो ‘स्टील’ या रकान्यात दिसतो. अमेझॉनच्या टी मालिकेसारख्या स्वस्त यंत्रांना प्रोसेसरचा वापर श्रेयांच्या स्वरूपात मिळतो. साध्या योजनेत ही श्रेये संपली की यंत्र मूळच्या कमी वेगावर येते. आज्ञावलीत काहीही न बदलता दुपारनंतर संकेतस्थळ मंदावण्याचे कारण कधीकधी एवढेच असते.

मेमरी

मेमरीची टंचाई हे मंदगतीचे सर्वांत कपटी कारण म्हणता येईल, कारण तिच्यावरचा वरवर स्वाभाविक वाटणारा उपाय आजार वाढवतो. सर्व्हरची प्रक्रियामर्यादा संपल्याचा इशारा दिसला की ती वाढवली जाते. परंतु एका पीएचपी प्रक्रियेला ४० मेगाबाइट लागत असतील, तर २५६ प्रक्रियांना सुमारे १० गिगाबाइट लागतात. यंत्रात ४ गिगाबाइटच मेमरी असल्यास उरलेला भाग डिस्कवरील स्वॅपमध्ये ढकलला जातो. डिस्क मेमरीपेक्षा कित्येक पटींनी संथ असल्याने प्रत्येक विनंतीचा वेळ वाढतो, वेळ वाढला की लिटल यांच्या नियमाप्रमाणे अधिक प्रक्रिया अडकतात, आणि त्या पुन्हा मेमरी मागतात. या चक्रात सापडलेल्या यंत्रावर दूरून प्रवेश मिळणेही कठीण होते. अशा स्थितीत प्रक्रियामर्यादा मेमरीत मावेल इतकी कमी करणे हाच योग्य मार्ग असतो. काही वाचकांना थोडे थांबावे लागते, पण आत आलेल्यांचे काम पुरे होते.

मोकळी मेमरी अगदी थोडी दिसणे हे मात्र टंचाईचे लक्षण नव्हे. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच सोडते. स्वॅपमध्ये सतत ये-जा चालू आहे का, हेच पाहायचे असते.

डेटाबेस

चालत्या संकेतस्थळाची गती काहीही न बदलता घटली, तर डेटाबेसवर संशय घेणे बहुधा योग्य ठरते. इंडेक्स नसलेल्या तक्त्यातून एक ओळ शोधण्यासाठी संपूर्ण तक्ता वाचावा लागतो. काही हजार ओळी असेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्या काही लाख ओळी झाल्या व तो मेमरीत मावेनासा झाला की एके दिवशी तीच विचारणा सेकंदांवर जाते.

मायएसक्यूएलमध्ये संथ विचारणांची स्वतंत्र नोंदवही आहे. ती मुळात बंद असते, आणि चालू केली तरी मूळ मर्यादा १० सेकंदांची असल्याने ३ सेकंदांची विचारणा तिच्यात येत नाही. शिवाय एकदाच चाललेल्या ८ सेकंदांच्या विचारणेपेक्षा प्रत्येक पानासाठी दोनशे वेळा चालणारी १० मिलिसेकंदांची विचारणा कमी हानिकारक नसते: तिने प्रत्येक पानामागे २ सेकंद जातात आणि ती कोणत्याच नोंदीत उठून दिसत नाही. कुलुपांचा प्रकार वेगळा आहे. एखादा व्यवहार सुरू करून तो पूर्ण न करता जोडणी तशीच राहिली, तर त्या ओळी बदलू पाहणाऱ्या सर्वांची रांग लागते, आणि या काळात डेटाबेसचा प्रोसेसर शांत असतो.

जाळे व नावांची व्यवस्था

काही विलंब त्यांच्या आकड्यावरूनच ओळखता येतात. प्रत्येक वेळी बरोबर ५ सेकंद किंवा त्याच्या पटीत उशीर होत असेल, तर पत्ता विचारण्यासाठी नेमलेला नाव-सर्व्हर उत्तर देत नसण्याची शक्यता दाट असते. लिनक्सच्या प्रमाणित ग्रंथालयात ही मूळ प्रतीक्षा ५ सेकंदांची आहे. जोडणीलाच १, ३ किंवा ७ सेकंद लागत असतील, तर सर्व्हरची प्रतीक्षारांग भरून पहिली हाक गळाली आणि ग्राहकाने ती दुप्पट होत जाणाऱ्या अंतराने पुन्हा दिली, असे समजावे.

बाहेरून येणारा भार

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी महाराष्ट्रातील निकालाच्या संकेतस्थळांवर लाखो विद्यार्थी एकाच वेळी येतात. हा भार मोठा असला तरी त्याची तारीख आधी ठाऊक असते, आणि निकालाची पाने एकदा तयार झाल्यावर बदलत नसल्याने कॅशमधून देता येतात. अवेळी येणारा भार अधिक त्रासदायक असतो. त्याचा मोठा भाग आता यांत्रिक वाचकांचा असतो. विकिमीडिया प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार बहुमाध्यम संचिका उतरवून घेण्यासाठी लागणारी बँडविड्थ जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली होती, आणि ही वाढ प्रामुख्याने अशा यंत्रांमुळे झाली होती. माणसे बहुधा लोकप्रिय पाने वाचतात, जी कॅशमध्ये असतात. यंत्रे क्वचित उघडली जाणारी जुनी पानेही एकामागून एक मागतात, म्हणून त्यांची प्रत्येक विनंती सर्व्हरला महाग पडते.

काही वेळा हेतू दुष्ट असतो. २००९ मध्ये रॉबर्ट हॅन्सन यांनी प्रसिद्ध केलेले स्लोलोरिस हे साधन सर्व्हरशी अनेक जोडण्या करते आणि प्रत्येकीवर विनंतीचे शीर्षक तुकड्या-तुकड्यांनी पाठवत राहते, पण पूर्ण करीत नाही. प्रोसेसर निवांत, जाळे मोकळे, नोंदवही जवळपास रिकामी आणि तरीही संकेतस्थळ उघडत नाही, अशी लक्षणे दिसल्यास स्थितिदर्शक पान पाहावे: जवळपास सर्व प्रक्रिया विनंती वाचण्याच्या अवस्थेत अडकलेल्या आढळतात. शीर्षक पूर्ण होण्यास कालमर्यादा घालणे हा त्यावरील प्रमुख उपाय आहे.

गाजलेल्या घटना

२५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन यांच्या निधनाची बातमी पसरताच विकिपीडियावरील त्यांच्या लेखावर वाचकांची झुंबड उडाली. नुसते वाचन कॅशने पेलले असते. परंतु त्याच वेळी लेखात संपादनेही होत होती. प्रत्येक संपादनाने कॅशमधील प्रत बाद होई आणि नवी प्रत तयार होईपर्यंत अनेक सर्व्हर तोच लांबलचक लेख एकाच वेळी घडवू लागत. याच अनुभवातून पूलकाउंटर ही सुविधा तयार झाली. तिच्यामुळे एक प्रक्रिया पान घडवीत असताना इतरांना त्याच कामापासून रोखता येते. ते थांबतात किंवा जुनी प्रत दाखवतात.

२० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद होते. एका लेखनात सुमारे २०,००० मोकळ्या जागांची सलग रांग होती, आणि ओळीच्या टोकांवरील मोकळी जागा काढणारे रेग्युलर एक्सप्रेशन तिच्या प्रत्येक जागेपासून नव्याने तपासणी सुरू करीत होते. एकूण तपासण्या सुमारे २० कोटी होत. ते लेखन मुखपृष्ठाच्या यादीत आल्याने मुखपृष्ठ मंदावले. लोड बॅलन्सर सर्व्हरची प्रकृती मुखपृष्ठावरूनच तपासत असल्याने त्याने सर्व सर्व्हर आजारी ठरवले आणि संपूर्ण संकेतस्थळच अनुपलब्ध झाले. कारण सापडण्यास सुमारे १० मिनिटे, दुरुस्ती लिहिण्यास १४ आणि ती सर्वत्र पोहोचवण्यास १० मिनिटे लागली. दोषी रेग्युलर एक्सप्रेशनच्या जागी साधे अक्षरशोधन वापरण्यात आले.